वरातीतली शिट्टी

वरातीत बँडवाल्यानं गाणं थांबवायला शिट्टी फुंकली आणि नवरदेवाचे वडील भररस्त्यात उकिडवे बसले. मान खाली, हात गुडघ्यांवर.

"दमलात का, व्याही?" नवरीच्या वडिलांनी वाकून विचारलं.

"हजर, साहेब."

वऱ्हाडात कोणीतरी फिसकन हसलं. घोडीवर मुलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "बाबा तुरुंगातून पार सुधारून आलेत," असं त्यानंच सासरी छातीठोकपणे सांगितलं होतं.

"उठा ना, बाबा!" तो दबक्या आवाजात म्हणाला.

"शेजारी कोणी नाही रे," वडील घाबरून म्हणाले. "तिथं शिट्टी झाली की मोजणीसाठी दोघादोघांनी बसायचं. एकटा दिसला की मारतात."

आई पुढे आली. शालू सावरत त्यांच्या शेजारी उकिडवी बसली.

"हं, आता दोघं झालो. मोजून झालं की उठू."

मुलाला घोडीवर बसवेना.