कललेला पेला

तोकुजींनी तबक पुढं सरकवलं. तबकात साकेचे पाच पेले होते, एकासारखा दुसरा नाही.

“घ्या, आवडेल तो उचला,” ते म्हणाले.

इंबे हे कुंभारांचं गाव. इथं पाहुण्यानं आपला पेला आपणच निवडायचा, आणि घरच्यांनी तेवढ्यावरून पाहुणा जोखायचा. आज तर जावई जोखायचा होता! चिनात्सुनं रेइजीला पढवूनच आणलं होतं. “राखेचे पिवळे ठिपके असलेला पेला बाबांचा. तोच उचल. आणि घरचं काही बोलू नकोस, ओसाकातल्या नोकरीचं बोल.”

रेइजीचा हात ठिपक्यांच्या पेल्याकडे गेला आणि वाटेतच थबकला. कडेला एक बसका, जरासा कललेला पेला होता. त्यानं तो उचलला.

चिनात्सु मनात चरफडली. झालं! घात केला मेल्यानं.

“हाच का?” तोकुजींनी विचारलं.

“हातात बसला. अंगठ्याला जागा ठेवलीय बघा इथं. कललाय खरा, पण पडेल असं वाटत नाही.” त्यानं पेला उलटा करून बुडावरून बोट फिरवलं. “चाकावरून दोऱ्यानं कापल्याची खूणही पुसलेली नाही. लपवाछपवी नाही याच्यात.”

तोकुजींनी साके ओतली. ओली होताच खरबरीत तांबडी माती उजळली. रेइजीनं घोट घेतला आणि डोळे मिटले.

“काठ किती मऊ आहे! बरं वाटलं.”

“तो माझा नाही,” तोकुजी म्हणाले. “टेकडीपलीकडच्या इवासेचा आहे. भट्टीवरून आमचं वाजलं, त्याला वीस वर्षं झाली. तेव्हापासून बोलणं बंद.”

रेइजीचे कान लाल झाले.

“बाबा, त्याला मातीतलं काय कळतंय!” चिनात्सु घाईनं म्हणाली. “मासे घ्या ना.”

“तू गप गं. तुझ्यापेक्षा जास्त कळतंय त्याला.” तोकुजींनी पेला पुन्हा काठोकाठ भरला. आज ते भलतेच खुशीत होते. “रोज संध्याकाळी मी यातूनच पितो. असा काठ मला जन्मात जमला नाही. कबूल करायला मात्र जीभ रेटली नाही कधी.”

रेइजी मान खाली घालून बसला होता. तोकुजींनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

“उद्या टेकडी ओलांड,” ते म्हणाले, “आणि हे सगळं तुझ्या बापाला जाऊन सांग.”