सासूबाईंच्या चौकटीतली एरर

"परत एरर!" दीर मोबाइल नाचवत स्वयंपाकघरात शिरला. "वहिनी, तुझी शीट आईला ओळखच दाखवत नाहीये."

रात्रीची भांडी कुणी घासायची, याची ती एक्सेल शीट सुनेनं मोठ्या हौसेनं केली होती. यादीत घरातल्या सगळ्यांची नावं, आणि फॉर्म्युला आळीपाळीनं पाळी लावणार. बाकीच्यांच्या पाळ्या बिनबोभाट लागायच्या. सासूबाईंची आली की चौकटीत एरर. पाळी रिकामी गेली तर ती थोरल्या माणसानं घ्यायची, हा नियम खुद्द सासऱ्यांचा. त्यामुळे बिचारे स्वतःचीही भांडी घासत आणि बायकोच्या वाटणीचीही.

"आज जेवणाआधी दुरुस्त झाली नाही तर शीट बंद," दीरानं फर्मान सोडलं. "आधीचंच बरं होतं. ज्याला बेसिन भरलेलं दिसेल, त्यानं घासावीत."

या घरात भरलेलं बेसिन फक्त सुनेलाच दिसायचं. तिनं पदर खोचावा तशा बाह्या सरसावल्या आणि लॅपटॉप उघडला.

कंस मोजले. रकाने तपासले. फॉर्म्युला पुसून नव्यानं लिहिला. एरर ढिम्म हलेना. पलीकडे सोफ्यावर पाय लांब करून सासूबाई निवांत मटार सोलत होत्या, आणि ते बघून सुनेच्या मनात नको ती शंका आली.

शेवटी तिनं यादीतल्या 'आई'वर कर्सर ठेवला. तो शब्द ओलांडून एक घर पुढे जाऊन थांबला. नावापुढे कुणीतरी स्पेस मारून ठेवली होती! डोळ्यांना दिसत नाही, पण फॉर्म्युला तेवढ्यावरून अडून बसतो. त्याच्या लेखी ही आई वेगळीच. हा उद्योग कुणाचा, म्हणून तिनं आधीचे बदल उघडून पाहिले. नाव निघालं सासऱ्यांचं.

"बाबा?"

"हळू बोल," वर्तमानपत्राआडून उत्तर आलं. "गुडघे धरलेत तिचे. मी 'राहू दे' म्हटलं तर ऐकेल का ती? उभ्या जन्मात ऐकलं नाही. कॉम्प्युटरचं मात्र ऐकते."

सुनेचा राग कुठल्या कुठे पळाला. पण पेच होताच. स्पेस काढली तर सासूबाई ओट्याशी उभ्या राहणार. एरर राहिली तर उद्यापासून सगळी भांडी तिच्याच गळ्यात. तिनं स्पेसला हात लावला नाही. फॉर्म्युल्यालाच शिकवलं, एरर आली की गुपचूप 'बाबा' लिहायचं.

दीरानं शीट वरखाली करून पाहिली. एरर कुठेच नव्हती.

"बाबांची पाळी जरा जास्तच येतेय."

"वयाचा मान आहे तो," सून म्हणाली.

जेवणं झाली. सासरे बेसिनशी गेले. सासूबाईंनीही स्टूल उचललं आणि सुनेला बाजूला घेतलं.

"शीट आता नीट चालेल ना गं? यांची पाळी जायची नाही ना?"

"नाही आई. तुम्ही गुडघे सांभाळा."

"गुडघे केव्हाच बरे झाले. यांना सांगू नकोस हं," सासूबाई कुजबुजल्या. "रिटायर झाल्यापासून हे टीव्हीशीच बोलायचे. आता भांडी घासता घासता माझ्याशी बोलतात."