पुढे गेलेलं सामान

दीड हजार किलोमीटर भागिले ताशी पन्नास. माझ्या हिशेबाने सामानाचा ट्रक आमच्या एक दिवस आधीच पोहोचणार होता. ड्रायव्हरची झोप आणि नाक्यांवरच्या रांगा मी गणितात धरल्याच नव्हत्या.

त्यामुळे हल्ली सगळं विसरणाऱ्या बाबांना घेऊन मी नव्या गावातल्या रिकाम्या घरात शिरले. ते कोऱ्या भिंतींवरून हळूहळू हात फिरवत राहिले. काही बोललं की खोली तेच परत बोलायची.

“सामान पुढे गेलं वाटतं. आपण कधी निघायचं?”

“बाबा, आपण पोहोचलोय.”

“काहीतरीच! आपलंच घर मला ओळखू येत नाही होय?”

तीन दिवस ते पायांत बूट घालून दाराशी बसले. विचारलं की मी “उद्या” म्हणायचे.

चौथ्या दिवशी ट्रक आला. त्यांची खुर्ची खिडकीपाशी लागली, आईचा फोटो भिंतीवर चढला. बाबांनी सावकाश बूट काढले आणि खुर्चीत टेकले.

“बरं केलंस बाळा, जायचं रद्द केलंस ते. तुला बोललो नाही, पण माझा पाय निघत नव्हता.”