हातोड्याचा शिक्का

"लाकूड आपल्याच देशातलं निघालं तर ड्युटी माफ. पण खूण दाखवा," कस्टमचे साहेब म्हणाले.

मामीडवार शेठनी चंद्रपूरचा साग परदेशी पाठवून त्याची टेबलं करून मागवली होती. वनखातं ओंडक्यावर हातोड्यानं ठोकतं तो एक शिक्का खालच्या अंगाला राखा, असं तिथल्या सुतारांना बजावलंही होतं. हमालांनी टेबल उलटं केलं. शिक्का होता! शेठचा जीव भांड्यात पडला.

साहेबांनी फोटो वनखात्याला पाठवला. उत्तर वाचून ते म्हणाले, "लाकूड आपलंच. ड्युटी माफ."

शेठ उठले.

"बसा. हा शिक्का विक्रीचा नव्हे; चोरीचं लाकूड पकडल्यावर मारतात तो. जप्त केलेले हे ओंडके वनखात्याच्या डेपोतून गायब झाले होते."

स्वस्तात मिळालेले ते चार ओंडके शेठना आठवले. शिक्का राखा म्हणाले होते; कोणता, ते सांगायचं राहूनच गेलं होतं.