पेट्याचा मानकरी

नवरा जाऊन चार महिने झाले. पोरीला ताप आल्याचं मी ग्रुपवर कळवलं, छप्पर उडाल्याचंही कळवलं; कासामातल्या सासरच्या एकोणीस जणांपैकी कुणी हूं की चूं केलं नाही. आज मक्याच्या पिठाचा न्शिमा आणि कोंबडीच्या ताटाचा फोटो टाकला, तर चिलुफ्या भाऊजी लगेच जागे झाले.

"वहिनी, ताटात कोंबडीच्या पोटातला पेटा दिसत नाही. पेटा घरच्या पुरुषाचा असतो. नवा कोण आणलाय घरात? खरं सांगा, नाहीतर पोरं घेऊन जाऊ."

"मीच खाल्ला," मी लिहिलं. "कोंबडी पाळली मी, कापलीही मीच."

ग्रुपवर शिव्यांचा पाऊस पडला. सासूबाई तेवढ्या गप्प होत्या.



मग त्यांचा मला एकटीला मेसेज आला, "पन्नास वर्षं शिजवून दुसऱ्यांच्या ताटात वाढतेय. चवीला कसा लागतो गं?"