संचालकांचा पाय

"आज यंत्रानं 'बाळ शिकतंय' असं दाखवलं नाही, तर प्रकल्प बंद," संस्थेचे संचालक शर्वाणीच्या सोफ्यावर रेलत म्हणाले. शर्वाणीनं लगबगीनं कॅमेरा सुरू केला. बाळाच्या लाथांवरून त्याची समज ओळखणारा एआय तिनं जिवाचं रान करून घडवला होता.

पण सासूबाईंनी नातवाला न्हाऊ घालून दुपट्यात असं गच्च गुंडाळलं होतं, की पोराची करंगळीही हलेना. "झोपलेलं बाळ सोडायचं नसतं," त्यांनी बजावलं.

कॅमेऱ्यानं खोलीभर हलणारे पाय शोधले. सापडला तो संचालकांचा. बसल्या बसल्या पाय हलवायची त्यांना जुनी सवय. पडद्यावर उमटलं: "हालचाल निरर्थक. बाळाला काही कळत नाही."

"मठ्ठ दिसतोय," संचालक हळहळले.

सासूबाई उसळल्या. "माझ्या नातवाला मठ्ठ म्हणता? आधी तो पाय थांबवा! दळिद्री लक्षण मेलं!"

संचालकांनी दचकून पाय आवरला. पडद्यावर हिरवी अक्षरं झळकली: "अभिनंदन! सांगितलेलं कळलं. बाळ शिकतंय."

"पाहिलंत? माझ्यासमोर शिकला!" म्हणत संचालकांनी मंजुरीची सही ठोकली आणि खुशीत पुन्हा पाय हलवू लागले.

शर्वाणीनं हळूच प्लग काढला.