शांत तारा

प्राध्यापक मोरिता-सेन्सेईंनी दोन्ही हातांनी लिफाफा पुढे केला. यतीननेही तो दोन्ही हातांनी घेतला. आत आणखी तीन वर्षांच्या कराराचं पत्र होतं.

"निवृत्त होण्याआधी एवढं तरी माझ्या हातून झालं," बाई हसून म्हणाल्या. "तुम्ही काही बोलायला आला होतात ना?"

"नाही, सेन्सेई. विशेष काही नाही."

झालं! ओठांपर्यंत आलेली गोष्ट त्याने गिळली. सकाळी त्सुकुबाला येणाऱ्या गाडीत तो तेच एक वाक्य घोकत आला होता, आणि ऐन वेळी त्याची पाचावर धारण बसली.

वाक्य साधं होतं: चूक माझी आहे. पूर्वी पुण्यात तो घराघरांतल्या वीजमीटरचे आकडे साफ करायचा. एखादा आकडा एकदम उसळला की मीटर बिघडलंय असं समजायचं आणि तो काढून टाकायचा. त्याच सवयीने त्याने इथे, अंतराळातल्या दुर्बिणीकडून येणाऱ्या क्ष-किरणांच्या आकड्यांना चाळणी लावली. दुर्बीण ज्यावर रोखली होती तो तारा सूर्याहून लहान, नुकताच जन्मलेला. असे तारे मधूनच भडकतात आणि क्ष-किरणांचा लोट सोडतात, असं सेन्सेई चाळीस वर्षं सांगत होत्या. हा मात्र तीन वर्षांत एकदाही भडकलेला दिसला नव्हता. दिसणार कसा? प्रत्येक भडका यतीनच्या चाळणीने बिघाड म्हणून फेकून दिला होता, आणि सेन्सेई विश्वासाने त्याने साफ केलेलेच आकडे बघत होत्या.

सोमवारी मूळ आकडे उघडले तेव्हा त्याला ते कळलं. करार गेला की व्हिसा जाणार, ओजिमातलं घर जाणार, आणि जपानीतच भांडणाऱ्या मुलीला, जुईला, शाळेतून उपटून पुण्याला न्यावं लागणार. बायकोला, मेधाला, त्याने अजून अवाक्षर सांगितलं नव्हतं.

सभागृह भरलं. सेन्सेईंचं निवृत्तीचं भाषण होतं. यतीन शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसला. कुणी सहज मान वळवली तरी त्याला वाटे, ह्याला कळलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

पडद्यावर तीन वर्षांची रेघ आली. सरळ, सपाट.

"लहान, तरुण तारे भडकतात असं मी तुम्हाला शिकवलं," सेन्सेई म्हणाल्या. "या ताऱ्याने मला खोटं ठरवलं. माझ्या शब्दावर ज्यांनी आपली उमेदीची वर्षं घातली, त्यांची मी माफी मागते."

आणि पासष्ट वर्षांच्या त्या बाई कमरेतून वाकल्या. बराच वेळ तशाच राहिल्या. पुढच्या रांगेत एक विद्यार्थिनी रडायला लागली.

"आणि आभार यतीन-सानचे," सेन्सेई सरळ होत म्हणाल्या. "त्यांनी आकडे इतके स्वच्छ ठेवले नसते, तर मला माझी चूक दिसलीच नसती." त्या त्याच्या दिशेने पुन्हा वाकल्या.

सगळ्या माना वळल्या. यतीन उठला. मोठं माणूस आपल्यापुढे वाकलं की आपण त्याच्याहून खाली वाकायचं, एवढं तो इथे शिकला होता. तो वाकला. आता समोर माणसं नव्हती, फक्त स्वतःचे बूट होते. त्याची जीभ सुटली.

"सेन्सेई, तारा शांत नाहीये. मी त्याला गप्प बसवलं. सगळे भडके मीच काढून टाकले."

मग पावलं वाजत आली आणि त्याच्यापुढे थांबली. संपलं, त्याच्या मनात आलं. मान वर करायची हिंमत होईना.

"किती?" सेन्सेईंचा आवाज कापत होता. रागानेच असणार.

"एकशे चौदा."

त्याच्या खांद्यावर हात पडला.

"एकशे चौदा!" सेन्सेई लहान पोरीसारख्या ओरडल्या. "वर बघा, यतीन-सान. सगळ्यात मोठा आधी दाखवा!"